विजेची लहर टिपणारी यंत्रं: सांगली-मिरज-कुपवाड भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड, मिरज, पलूस, तासगाव या पट्ट्यात रेकॉर्डरची पेटी घेऊन फिरताना कारखानदार, वायरमन, शीतगृहाचे मालक आणि डिप्लोमाची मुलं जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. न मोजता एकामागून एक सुटे भाग बदलत राहणं थांबावं, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

आमच्याकडे मल्टीमीटर आणि टाँगटेस्टर आहे. आणखी वेगळं यंत्र कशाला?

रोजच्या कामाला ते पुरतात. पण मीटर तुम्हाला एक आकडा दाखवतो, आणि तो सेकंदाला तीन-चार वेळाच बदलतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची एक लहर २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. म्हणजे मीटरवरच्या दोन आकड्यांच्या मधे साधारण १२ ते १६ लहरी निघून जातात. त्यातल्या पाच-सहा लहरी खचल्या तर मीटर फार तर किंचित हलेल, पण कॉन्टॅक्टर (मोटारीला वीज जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच) सुटेल, ड्राइव्ह (मोटारीचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) ट्रिप होईल, पीएलसी (मशिन चालवणारा छोटा संगणक) रीसेट होईल. मग तुम्ही मीटर लावून म्हणणार, "व्होल्टेज तर बरोबर आहे." ते बरोबर असतंच, कारण घडायचं ते घडून गेलेलं असतं.

दुसरी अडचण साध्या टाँगटेस्टरची, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणाऱ्या मीटरची. तो लहर गोलसर, सरळ साइन आकाराची आहे असं गृहीत धरून सरासरीवरून आकडा काढतो. ड्राइव्ह, यूपीएस, एलईडी आणि संगणक टोकदार करंट ओढतात. तिथे तो तीस-चाळीस टक्क्यांनी कमी दाखवू शकतो. केबल हाताला गरम लागते आणि मीटर करंट कमी सांगतो, असं दिसलं तर आधी मीटरवर ‘ट्रू आरएमएस’ लिहिलंय का ते बघा, म्हणजे लहर कशाही आकाराची असली तरी तो खरा आकडा देतो.

हार्मोनिक म्हणजे नेमकं काय?

मिरजेत राहणाऱ्याला हे समजावणं सोपं जातं. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीचा माथा घासत जातात आणि तारेखाली दोरा सरकवतात. तार तीच, स्वर तोच. पण दोरा जागेवर बसला की मूळ स्वरावर वरच्या स्वरांची झळाळी चढते. ते वरचे स्वर मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगाचे असतात. माइक लावून ऑसिलोस्कोपवर पाहिलं तर जवारी बंद असताना लहर गुळगुळीत दिसते आणि जवारी उघडली की तिच्या अंगावर बारीक दाते उठतात.

विजेतही तसंच. मूळ लहर ५० हर्ट्झची. तिच्यावर चढणाऱ्या पटीतल्या वेगाच्या लहरी म्हणजे हार्मोनिक. सहा डायोडचा रेक्टिफायर असलेला नेहमीचा थ्री फेज ड्राइव्ह तिच्यावर मुख्यतः पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा असे दाते चढवतो, म्हणजे २५०, ३५०, ५५० आणि ६५० हर्ट्झ. एलईडी आणि संगणक तिसरा चढवतात, १५० हर्ट्झचा. तिन्ही फेजचा हा तिसरा हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारत नाही, उलट त्याची बेरीज होते. तिन्ही फेजवर लोड सारखा वाटलेला असतानाही ऑफिसच्या इमारतीत न्यूट्रलची वायर करपते, ती यामुळे. तंबोऱ्यात हे दाते हवेसे असतात. ट्रान्सफॉर्मरमध्ये त्यांची उष्णता होते.

ऑसिलोस्कोप, पॉवर अ‍ॅनालायझर, डिस्टर्बन्स रेकॉर्डर यांत फरक काय?

ऑसिलोस्कोप, ज्याला कॉलेजात अजून सगळे सीआरओच म्हणतात, फार वेगवान पण थोड्या वेळाची गोष्ट दाखवतो. कार्डाच्या दुरुस्तीला तो लागतोच. पॉवर क्वालिटी अ‍ॅनालायझर तिन्ही फेज आणि न्यूट्रलचे व्होल्टेज-करंट एकत्र, दिवसच्या दिवस नोंदवतो आणि काही बिघडलं की त्या क्षणाची मूळ लहर जपून ठेवतो. डिस्टर्बन्स रेकॉर्डर उपकेंद्रात असतो, हल्ली बहुतेक वेळा रिलेच्या, म्हणजे फॉल्ट ओळखून लाइन तोडायला लावणाऱ्या यंत्राच्या, पोटातच. फॉल्ट झाला की त्याच्या आधीची काही लहर आणि नंतरची काही लहर तो साठवतो. कोयनेसारख्या १९६० मेगावॉटच्या प्रकल्पात किंवा मोठ्या उपकेंद्रात घड्याळं उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेली लागतात, कारण दोन ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवून आधी काय घडलं ते मिलिसेकंदांत ठरवायचं असतं.

कारखान्याच्या तक्रारींसाठी दहापैकी नऊ वेळा मी अ‍ॅनालायझरच लावतो.

दोष बाहेरून येतोय की आमच्याच आत आहे, हे नोंदीवरून कळतं का?

कळतं. या सगळ्या यंत्रांचा सर्वांत मोठा उपयोग मला हाच वाटतो, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

व्होल्टेज खचलं त्याच क्षणी करंटचं काय झालं, ते बघायचं. व्होल्टेज खाली आणि करंट एकदम वर, तर ओढणारा तुमच्याच बाजूला आहे: मोठी मोटार सुरू झाली, कुठे शॉर्ट झालं, वेल्डिंग चाललंय. व्होल्टेज खाली आणि करंटही खाली, आणि व्होल्टेज परत येताना करंटचा उसळता फुगवटा, तर दोष मीटरच्या अलीकडे, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूला. तो फुगवटा मंदावलेल्या मोटारी पुन्हा वेग घेत असल्याचा असतो. एक सावधगिरी मात्र ठेवा. प्लांटमध्ये बहुतेक लोड ड्राइव्हवरच असेल तर व्होल्टेज बाहेरून खचलं (डिप) तरीही करंट वाढलेला दिसतो, कारण ड्राइव्ह तेवढीच पॉवर ओढायला बघतो. अशा वेळी नुसत्या करंटवर निकाल देऊ नये.

तासगावच्या बाजूला एका बेदाण्याच्या शीतगृहात रात्रीचा कॉम्प्रेसर बंद पडायचा. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. कॉन्टॅक्टर बदलला, ओव्हरलोड रिले बदलला, मग कंट्रोल कार्डही बदललं. शेवटी रात्रपाळीच्या ऑपरेटरकाकांवर आळ आला की हे झोपतात आणि काहीतरी बंद करतात. मी पेटी लावायला गेलो तेव्हा काका माझ्यामागे उभे होते. हळूच म्हणाले, "साहेब, मी झोपत नाही हो. बंद झाला की मीच पहिला उठून चालू करतो."

आठव्या दिवशी मेमरी उघडली. पहाटे पावणेतीनच्या सुमाराची नोंद होती. सहा लहरी, म्हणजे १२० मिलिसेकंद. पिवळा फेज जसाच्या तसा, लाल आणि निळा ६० टक्क्यांच्या आसपास. करंट खाली, मग फुगवटा. ही सही ओळखीची आहे. ११ केव्हीच्या बाजूला एकच फेज जमिनीला लागला की डेल्टा-स्टार (वरच्या बाजूला त्रिकोणी, खालच्या बाजूला ताऱ्यासारखी जोडणी असलेल्या) ट्रान्सफॉर्मरमधून खालच्या बाजूला दोन फेज खचतात आणि तिसरा शाबूत राहतो. फॉल्ट उपकेंद्राच्या अगदी जवळ असेल तर ते दोन फेज हिशेबाने ५८ टक्क्यांपर्यंत येतात. शिवाय व्होल्टेज १२० मिलिसेकंदांत परत आलं. आपलाच फीडर (उपकेंद्रातून निघणारी लाइन) ट्रिप झाला असता तर लाईटच गेली असती. म्हणजे दोष त्याच उपकेंद्रावरच्या शेजारच्या फीडरवर होता. पुढे कळलं की तिकडच्या लाइनला झाडाची फांदी घासत होती आणि वारा रात्री सुटायचा.

कॉम्प्रेसरच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा लाल फेजवर होता. म्हणून तो सुटायचा. कंट्रोल सर्किटला एक छोटा यूपीएस दिला आणि पुरवठा खरोखर गेला तर ठरावीक वेळाने कॉन्टॅक्टर सुटेलच असा टायमर बसवला. हा टायमर विसरायचा नाही. नाहीतर लाईट परत आली की भरल्या दाबावर कॉम्प्रेसर थेट सुरू होईल. तो प्रिंट काकांनी मागून घेतला आणि कंट्रोल रूममध्ये आतून चिकटवून ठेवला. अजून आहे.

कॉलेजच्या सीआरओने कारखान्यात मोजता येईल का?

थेट अजिबात नाही. मेनवर चालणाऱ्या नेहमीच्या ऑसिलोस्कोपच्या प्रोबची काळी क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते. ती क्लिप फेजला किंवा ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसला (एसीचं डीसी होऊन जिथे येतं त्या पट्टीला) लावली तर ते सरळ शॉर्ट सर्किट होतं. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसवर ५८० व्होल्टच्या आसपास असतात. शिकत असताना मी हे एकदा केलं. क्लिपचं टोक उडालं, तांब्याचे बारीक कण चष्म्याच्या काचेवर रुतले. चष्मा नसता तर डोळा गेला असता. तो चष्मा मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात देतो.

काही जण तोडगा म्हणून सीआरओच्या प्लगची अर्थ पिन काढतात. हा त्याहून वाईट प्रकार आहे, कारण मग यंत्राचं सगळं अंगच जिवंत होतं. डिफरन्शियल प्रोब (अर्थिंगशी न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) वापरा किंवा प्रत्येक चॅनेल वेगळा विलग केलेला, बॅटरीवर चालणारा हातातला स्कोप घ्या. प्रोब आणि यंत्र दोन्हींवर कॅटेगरी, म्हणजे झटका सोसण्याची सुरक्षा-श्रेणी (कॅट), बघा. पॅनेलमध्ये कॅट ३, मेन इनकमरपाशी कॅट ४. त्याच्या पुढचा व्होल्टचा आकडाही तुमच्या पुरवठ्याहून मोठा हवा.

सेकंदाला एक अब्ज नमुने घेणारा स्कोप स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

आधी मेमरी विचारा. एक कोटी नमुन्यांची मेमरी असेल तर त्या वेगाने ती १० मिलिसेकंदांत भरते. म्हणजे ५० हर्ट्झची अर्धी लहरच मिळाली. १० सेकंद हवे असतील तर त्याच मेमरीत वेग दहा लाखांवर येतो. मोटारीचं स्टार्टिंग बघायला तेवढा भरपूर आहे. नियम म्हणून नमुने लहरीच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त हवेत, पण आकार नीट दिसायला मी दहापट धरतो. ८ बिटच्या स्कोपला उभ्या दिशेने २५६ पायऱ्या असतात, १२ बिटला ४०९६. लहरीवरचा बारीक दाता बघायचा असेल तर वेगापेक्षा या पायऱ्या कामाला येतात.

वळवाच्या पावसात कार्ड जळतात. वीज पडल्याचा झटका रेकॉर्डरमध्ये येईल का?

बहुधा नाही. नेहमीचा अ‍ॅनालायझर एका लहरीत २५६ नमुने घेतो, म्हणजे दोन नमुन्यांमधे ७८ मायक्रोसेकंद. विजेचा झटका मायक्रोसेकंद-दोन मायक्रोसेकंदांत माथ्यावर जातो आणि कितीदा नमुन्यांच्या मधूनच निसटतो. त्यासाठी ट्रान्झियंटचा (क्षणिक झटक्यांचा) वेगळा वेगवान चॅनेल असलेलं यंत्र लागतं. या तक्रारीत मी पैसे यंत्रावर खर्च करायला सांगत नाही. आधी अर्थिंग मोजा, सर्ज प्रोटेक्टर बसवा आणि त्याची अर्थची वायर आखूड ठेवा.

एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या) पॅनेलमधले कपॅसिटर वर्षभरातच फुगतात. कंपनी बदलावी का?

कंपनी बदलून फरक पडेल असं वाटत नाही. आधी कपॅसिटरच्या करंटची लहर बघा. ती काट्याकुट्यांची असेल तर कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून एखाद्या हार्मोनिकवर झुलत आहेत. झोपाळ्याला बरोबर वेळेवर ढकललं की तो चढत जातो, तसं.

हिशेब सोपा आहे. ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इम्पिडन्स ५ टक्के, म्हणजे शॉर्ट सर्किट क्षमता १०,००० केव्हीए. पॅनेलमध्ये २०० केव्हीएआरचे (कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कपॅसिटर जोडलेले असतील तर १०,००० भागिले २०० म्हणजे ५०, त्याचं वर्गमूळ ७ च्या थोडं वर. बरोबर सातवा हार्मोनिक! ४०० जोडले तर पाचवा. म्हणूनच तक्रार ठरावीक पायरीवरच उद्भवते आणि तपासणीच्या दिवशी दुसरीच पायरी चालू असली की सगळं ठीक दिसतं. रेकॉर्डर लावून प्रत्येक पायरी हाताने चढवत-उतरवत लहर बघावी. ७ टक्क्यांची रिअ‍ॅक्टर (कपॅसिटरच्या आधी एकामागे एक जोडायची गुंडाळी) लावली की दोघांची जोडी १८९ हर्ट्झवर बसते, पाचव्याच्या खाली, आणि झुलणं थांबतं. मात्र रिअ‍ॅक्टरमुळे कपॅसिटरवरचं व्होल्टेज साडेसात टक्क्यांनी वाढतं, तेव्हा कपॅसिटरही वरच्या व्होल्टेजचेच घ्यावे लागतात. जुन्या कपॅसिटरना नुसती रिअ‍ॅक्टर जोडून देणारे भेटतात, त्यांना हे विचारा.

विहिरीवरची मोटार सारखी जळते. रेकॉर्डर लावावा का?

खरं सांगायचं तर नको, आधी साध्या गोष्टी बघा. द्राक्षबागेतल्या मोटारी बहुतेक वेळा एक फेज गेल्यावर दोनवर चालत राहून, व्होल्टेज फार कमी असताना ओढून, किंवा तिन्ही फेज सारखे नसल्यामुळे जळतात. व्होल्टेजमध्ये १ टक्का फरक असला तर मोटारीच्या करंटमध्ये त्याच्या सहा ते दहापट फरक पडतो. डीपीवरचा सैल जम्पर, स्टार्टरचे काळे पडलेले पॉइंट, केबलचा पाण्यातला जोड, हे वायरमनला साध्या मीटरने सापडतं. फेज फेल्युअर आणि कमी व्होल्टेजचा रिले बसवा, तो बायपास करू नका. रिवाइंडिंगचा एक खर्च वाचला तरी रिलेचे पैसे निघतात.

म्हैसाळ, ताकारी, टेंभूसारख्या उपसा योजनांच्या मोठ्या पंपांची गोष्ट वेगळी. तिथे स्टार्टिंगची लहर टिपून ठेवणं फायद्याचं असतं. मोटार थेट लाइनवर सुरू केली तर सुरुवातीचा करंट पूर्ण लोडच्या सहा-सातपट जातो. तो खाली यायला किती वेळ लागला हे दरवर्षी शेजारी ठेवून बघितलं तर पंप जड होत चाललाय हे आधी कळतं.

क्लॅम्प कुठले वापरायचे?

एसी करंटला मी लवचीक रोगोव्स्की कॉइल वापरतो. जाड बसबारला सहज वळसा घालता येतो आणि तिच्यात लोखंडी गाभा नसल्यामुळे ती संपृक्त होत नाही. पण ती डीसी मोजत नाही. सोलरच्या डीसी बाजूला हॉल इफेक्टचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्रावरून डीसीही मोजणारा, क्लॅम्प हवा. कुठलाही क्लॅम्प असो, बाण लोडकडे करा आणि लाल, पिवळा, निळा हे रंग व्होल्टेजच्या क्लिपांशी जुळवा. एक क्लॅम्प उलटा लागला तर आठवडाभराची नोंद संशयास्पद होते. पेटी बंद करण्यापूर्वी तिन्ही फेजच्या किलोवॉटचं चिन्ह बघा. एखादा उणे असेल आणि तुमच्याकडे सोलर नसेल, तर तो क्लॅम्प फिरवा.

पूर्वी स्क्रीन नव्हती तेव्हा लहर कशी दिसायची?

हे प्रश्न विचारणारी मुलं मला फार आवडतात. १८८० मध्ये फ्रान्समध्ये जूल्स जुबेर यांनी जनित्राच्या फिरत्या दांड्यावर एक स्पर्शबिंदू बसवून लहरीचा एकेक बिंदू वेगळा मोजला आणि कागदावर जोडला. एका लहरीचं चित्र हजारो लहरींमधून वेचलेलं असायचं. १८९३ मध्ये आन्द्रे ब्लाँदेल यांनी ऑसिलोग्राफ मांडला आणि १८९७ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्यम डडेल यांनी तो फार सुधारला. चुंबकाच्या मधे ताणलेल्या पट्ट्या, त्यांच्यावर चिकटवलेला इवलासा आरसा, आणि आरशावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका सरकत्या फिल्मवर. त्याच १८९७ मध्ये जर्मनीत फर्डिनांड ब्राउन यांनी कॅथोड रे ट्यूब दाखवली. आरशाला वजन असतं, इलेक्ट्रॉनला जवळपास नाही, म्हणून पुढे ट्यूब जिंकली. लहर पडद्यावर स्थिर धरून ठेवणारा ट्रिगर असलेला टेक्ट्रॉनिक्सचा ५११ स्कोप १९४७ मध्ये आला. सांगलीत आजचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं तेही त्याच वर्षी.

ईसीजीचं यंत्र हेही असलंच का?

हो, सख्खं भावंडच. मिरजेच्या दवाखान्यांत रोज शेकडो वेळा निघणारी ती पट्टी म्हणजे हृदयाच्या विजेची नोंद आहे. तार-गॅल्व्हॅनोमीटरवर ती नीट टिपणारे डच शास्त्रज्ञ विलेम आइंतोव्हेन यांना १९२४ मध्ये नोबेल मिळालं. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो आणि १ मिलिव्होल्टला रेघ १० मिलिमीटर चढते. इतक्या नाजूक लहरीवर भिंतीतल्या ५० हर्ट्झची सावली सहज पडते. पट्टीवर बारीक, एकसारखी थरथर दिसली तर खोलीचं अर्थिंग तपासून घ्या.

नोंद किती दिवसांची हवी?

पूर्ण सात दिवस, साप्ताहिक सुट्टी धरून. प्रमाणित पद्धतीत दर १० मिनिटांच्या सरासऱ्या आठवडाभर घेतात. सुट्टीच्या दिवशी तुमचा लोड नसताना जे हार्मोनिक दिसतात ते शेजाऱ्यांकडून किंवा लाइनवरून आलेले असतात, त्यामुळे तो दिवस फार मोलाचा. साखर कारखाना असेल तर गाळपात एकदा आणि गाळप संपल्यावर एकदा अशी नोंद घ्या.

हा अहवाल वीज कंपनीला दाखवता येतो का?

येतो, आणि तिथले अभियंते लहर समोर ठेवली की नीट ऐकतात, असा माझा अनुभव आहे. यंत्र क्लास ए चं (मोजणीच्या सर्वांत काटेकोर वर्गाचं) आणि कॅलिब्रेशन चालू असलेलं हवं. घड्याळ मोबाइलच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवलेलं हवं. आणि नुसती रंगीत पीडीएफ न देता घटनेची मूळ फाइल द्या, शक्यतो कॉमट्रेड स्वरूपात, म्हणजे अशा नोंदींसाठी ठरलेल्या सामायिक फाइल-स्वरूपात. उपकेंद्राच्या रिलेतली नोंदही त्याच स्वरूपात निघते, दोन्ही एकाच पडद्यावर उघडता येतात. मग वाद घालावा लागत नाही.

नोंद चालू असताना आम्ही काय करायचं?

पेटीला हात लावू नका आणि एक शंभर पानी वही शेजारी दोऱ्याने बांधून ठेवा. कुठली मशिन कधी सुरू केली, काय ट्रिप झालं, लाईट कधी गेली-आली, वेल्डर कधी आला, डिझेल जनरेटर कधी लावला, ते वेळेसकट लिहा. वेळ भिंतीवरच्या घड्याळाची नको, मोबाइलचीच. रात्रपाळीवाल्यांनाही सांगा, आणि त्यांनी लिहिलेलं कुणी खोडू नका. मी आठव्या दिवशी येतो तेव्हा यंत्राच्या आधी ती वही उघडतो.